‘वाणीकेंद्र’ या संज्ञेविषयी

मेंदूतील ‘ब्रोका क्षेत्रा’स ‘वाणीकेंद्र’ म्हणणे सुटसुटीत असले, तरी शास्त्रशुद्ध नव्हे. ज्याच्या मुखी ‘तां’ याखेरीज फारसे काही उरले नव्हते, त्या लबोर्न्य नामक रुग्णाच्या मेंदूवरून पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये डाव्या ललाटखंडाकडे लक्ष वेधले. त्याच जतन केलेल्या मेंदूच्या चुंबकीय प्रतिमा २००७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत इजा त्या क्षेत्रापलीकडे, खोल तंतुमार्गांपर्यंत पोहोचलेली दिसली. ‘ब्रोका क्षेत्र’ ही संज्ञा कार्याविषयी मौन पाळते. ‘वाणीकेंद्र’ मात्र स्थानाच्या नावाखाली कार्याचा निर्णय देऊन मोकळी होते. परिणामी वाचाघाताचा विद्यार्थी रुग्णाचे बोलणे ऐकण्यापूर्वीच निदान गृहीत धरतो. म्हणून शरीररचनेच्या पाठात पहिली संज्ञाच ठेवणे इष्ट होय.