तारण आणि विसार : मराठी ख्रिस्ती कृपाविचाराची भाषा

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार बहुधा भक्तिपरंपरेच्या अनुषंगाने झाला आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ (१६१६) ओवीबद्ध आहे, रेव्ह. ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी तर तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्तचरणी पोहोचलो असे सांगितले. त्यामुळे ‘कृपा’ या संज्ञेचा अन्वय संतांच्या करुणाभाकेशी लावला जाणे स्वाभाविक होते. हा अन्वय चुकीचा नाही. मात्र तो अपुरा आहे.

मराठी बायबलची शब्दकळा पाहिली की दुसरे एक अर्थक्षेत्र समोर येते. प्रभूच्या प्रार्थनेत अपराधांसाठी ‘ऋण’ हा शब्द आहे, सार्वकालिक वारशासाठी ‘वतन’ आहे आणि उद्धारासाठी ‘तारण’. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पवित्र आत्म्याला त्या वतनाचा ‘विसार’ म्हटले आहे. मूळ ग्रीक संज्ञाही व्यापारातलीच. परंतु मराठीत आल्यावर ती येथील शेतजमिनीच्या व्यवहारात रुजली.

आर्णीसारख्या (जि. यवतमाळ) कापूसपट्ट्यातील गावात ‘तारण’ म्हणजे कर्जापोटी अडकलेले शेत आणि ‘विसार’, बोलीतला ‘इसार’, म्हणजे सौदा पक्का करण्यासाठी आगाऊ दिलेली रक्कम. ज्याची जमीन तारण आहे त्याला ‘तारण झाले’ हे वाक्य कसे ऐकू येत असेल? एकाच शब्दात त्याचा गळफास आहे आणि सुटकाही. ‘मोक्ष’ या शब्दाने हा ताण निर्माण झाला नसता.

येथे एक विरोध जाणवतो. कृपा ही फुकट, अनर्जित देणगी. मग तिला देवाणघेवाणीची भाषा का? उत्तर विसाराच्या रचनेत आहे. विसार घेणारा देतो, विकणारा नव्हे. सौदा पुरा करण्याचा भार पैसे देणाऱ्यावर पडतो. म्हणजे खात्रीचा आधार श्रद्धाळूच्या पुण्याईत नसून देवाने आधीच दिलेल्या शब्दात आहे. तथापि विकणाराही सौदा मोडू शकतो. कृपेत आलेला मनुष्य कायमचाच सुरक्षित असतो, ही कॅल्विनवादी भूमिका. तो पुन्हा ढळू शकतो, ही वेस्लीची. १७३८ साली लंडनमध्ये तारणाच्या खात्रीचा अनुभव आल्याचे वेस्लीने नोंदवले. तरीही ही खात्री गमावता येत नाही असे त्याने मानले नाही. यवतमाळ जिल्ह्यात काम केलेले फ्री मेथडिस्ट मिशन त्याच परंपरेतले. यवतमाळ येथेच १९५३ पासून १९८३ मध्ये पुण्यास जाईपर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. ज्या वादाचे अध्ययन धर्मशास्त्राचे वर्ग करतात, त्याच्या दोन्ही बाजू बाजारातल्या एका मराठी शब्दात आधीच सामावलेल्या आहेत.

भक्ती आणि व्यवहार ही दोन अर्थक्षेत्रे परस्परविरोधी मानण्याचेही कारण नाही. आपल्या वाट्याची कर्जखते तुकारामाने इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. टिळकांच्या सेतूचा एक खांब त्या बुडालेल्या खतांवर उभा आहे. मराठी ख्रिस्ती कवितेतील आश्वासन आणि आर्तता यांचे नाते तपासताना अभ्यासकाने अभंगाच्या छंदाबरोबर सावकाराची वहीही उघडली पाहिजे. अन्यथा ‘कृपा’ ही संज्ञा केवळ आध्यात्मिक राहील आणि ऋणातून सुटण्याची जी आस तिच्यात आहे, ती समीक्षेच्या हाती लागणार नाही.