35 डॉलरचा लोगो आणि बंद पडलेली दुकानं

लघुउद्योगांच्या ब्रँडिंगवर सिनॉप्सिस लिहायला घेतलं की 'नायकी'चं उदाहरण हमखास येतं. 1971 साली पोर्टलंड स्टेट विद्यापीठात शिकणाऱ्या कॅरोलिन डेव्हिडसन यांनी ते चिन्ह काढलं, मानधन 35 डॉलर. कंपनी तेव्हा लहान होती, जपानी बूट विकायची. पुढे ती जगभर पसरली. म्हणून निष्कर्ष काय, तर चांगला लोगो धंदा वाढवतो!

माझ्याही पहिल्या मसुद्यात हेच होतं. गाईडनी एवढंच विचारलं, "बंद पडलेल्या दुकानांचे लोगो कुठे आहेत?" मी गप्प.

नमुन्यात टिकलेलेच धंदे घेतले, तर त्यांचे लोगो चांगलेच वाटणार. शिवाय त्या चिन्हाला आज जे वजन आहे ते बूट, खेळाडू आणि वर्षानुवर्षांच्या जाहिरातींमुळे आलंय. डेव्हिडसन यांना कंपनीने शेअर्स दिले ते 1983 मध्ये. म्हणजे यश आधी आलं, चिन्हाचं मोल नंतर कळलं. मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता?

तुम्ही एकाच बाजारपेठेतली चालू आणि बंद, दोन्ही दुकानं घ्या. जागा, भांडवल, धंद्याची वर्षं नोंदवा. 'परिणाम' कशाला म्हणणार ते आधी ठरवा. गिऱ्हाइकाला पाटी आठवणं वेगळं, गल्ल्यात पैसे पडणं वेगळं.

उद्या तुमच्या निष्कर्षावर भरवसा ठेवून एखादी पापडवाली उडीद डाळीचे पैसे लोगोत घालेल. तिचं नुकसान तुमच्या प्रबंधात कुठेच दिसणार नाही.