भूगर्भातील 'तडा' : एका शब्दाची चिकित्सा

शास्त्रीय विषयांवरील मराठी लेखनाचे परीक्षण करताना पारिभाषिक शब्दांच्या घडणीची चर्चा पुष्कळ होते. परंतु नित्य व्यवहारातील शब्द शास्त्रात शिरले म्हणजे ते आपल्याबरोबर कोणते चित्र घेऊन येतात, याचा विचार क्वचितच होतो. भूकंपविषयक लेखन हे याचे ठळक उदाहरण होय. 'भूगर्भातील खडकांना तडे गेल्यामुळे भूकंप होतो' अशा धाटणीचे वाक्य मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचे आहे. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे आणि आशयदृष्ट्याही सर्वस्वी खोटे नाही. तथापि त्यातील 'तडा' हा शब्द पृष्ठभागावरचा आहे. आणि ज्या खोलीवर तो नेऊन बसविला जातो, तेथे उष्णता व दाब यांच्यामुळे खडक भंगण्याची रीतच पालटलेली असते. हे अंतर किती आहे आणि त्याने काय बिघडते, हे पाहणे अगत्याचे आहे.

या शब्दाचे मूळ घर पाहावयाचे तर बीड जिल्ह्यातील एखाद्या विहिरीच्या काठावर गेले पाहिजे. बालाघाटाच्या रांगेत, पाटोद्यापासून अंबाजोगाईपर्यंत, पायाखाली सर्वत्र दख्खनच्या लाव्ह्याचे थर आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा थिजला, थिजताना आकसला, आणि आकसताना ठिकठिकाणी उकलला. विहीर खणणारा माणूस प्रथम मुरूम काढतो, मग मांजऱ्या फोडतो आणि पुढे काळ्या पाषाणाला लागतो. त्या पाषाणातून पाणी मिळते ते त्यातील चिरांतूनच. त्यामुळे खडकाचे फुटणे आणि खडकाचे उघडणे या त्याच्या लेखी एकाच गोष्टीच्या दोन बाजू होत. भाषेनेही हीच नोंद ठेवली आहे. भिंतीला तडा जातो, उन्हाळ्यात काळ्या रानाला भेग पडते, कवाडाला फट राहते, दगडाला चीर असते. क्रियापदे निरनिराळी असली तरी चारही ठिकाणी दोन कडा एकमेकींपासून दूर झालेल्या आहेत आणि मध्ये पाणी, मूळ किंवा उजेड शिरेल एवढी जागा झालेली आहे. येथवर शब्द आणि वस्तू यांचा मेळ उत्तम आहे.

हा मेळ खोलीबरोबर सुटत जातो. प्रत्येक किलोमीटरला वरच्या खडकाचा भार वातावरणाच्या दाबाच्या सुमारे 270 पटींनी वाढतो. दहा किलोमीटरांवर तो 2,700 पटींच्या घरात जातो. व्यवहारात दाब वाढला की वस्तू फुटते, अशी आपली समजूत असते. ती एका बाजूने येणाऱ्या दाबापुरती खरी आहे. चोहोबाजूंनी आवळणारा दाब मात्र खडकाला फुटू देत नाही. तो त्याचे बळ वाढवितो. थिओडोर फॉन कार्मान याने 1911 साली प्रसिद्ध केलेले संगमरवरावरील प्रयोग या बाबतीत बोलके आहेत. मोकळा ठेवून दाबलेला संगमरवर तडकून फुटला; तोच भोवतालून द्रवाच्या मोठ्या दाबाखाली ठेवून दाबला, तेव्हा तो न फुटता पिंपासारखा फुगला. म्हणजे 'दाब' हा एकच शब्द मराठीत दोन परस्परविरोधी कार्यांसाठी वापरला जात आहे. इतक्या दाबाखाली खडक भंगलाच तर त्याच्या कडा सहसा दूर होऊ शकत नाहीत. एक बाजू दुसरीला घट्ट चिकटलेली राहूनच तिच्यावरून घासत सरकते. तेथे फट नसते. असते ते घर्षण.

उष्णतेची कथा याहून निराळी नाही. तापलेल्या दगडावर पाणी ओतले की तो तडकतो, हा अनुभव सर्वांचा आहे. म्हणून भूगर्भातील उष्णतेने खडक तडकत असावेत, अशी कल्पना सहज होते. जुन्या भूखंडीय ढालींत तापमान दर किलोमीटरला साधारणतः 15 ते 25 अंश सेल्सिअसने वाढते. ही वाढ संथ आहे. तिच्यात अकस्मात तापणे-निवणे नाही. तीनशे अंशांच्या आसपास स्फटिक (क्वार्ट्झ) आणि साडेचारशेच्या आसपास फेल्डस्पार ही खनिजे घनरूप असतानाच हळूहळू आकार बदलू लागतात. त्याखाली खडक मोडत नाही, लाखो वर्षांच्या गतीने वाकतो व ओघळतो. याच कारणाने भूखंडांतील बहुसंख्य भूकंप कवचाच्या वरच्या भागातच उद्भवतात.

या दोन अवस्थांना शास्त्रीय मराठीत 'ठिसूळ' आणि 'तन्य' असे म्हटले जाते. पैकी 'ठिसूळ' हा शब्द फार फसवा आहे. बोलीत ठिसूळ म्हणजे हाताने चुरडेल असे, कमकुवत. भूशास्त्राच्या दृष्टीने मात्र तो खडक मोडतो कसा याचे वर्णन आहे, तो किती बळकट आहे याचे नव्हे. उलट, दाबाने आवळलेला पण अद्याप पुरेसा न तापलेला, अशा सीमेवरचा खडक कवचात सर्वांत बळकट असतो. 'ठिसूळ थर सर्वांत बळकट' हे विधान शास्त्रात सत्य आणि मराठीत व्याघात ठरावे, ही परिभाषेची मोठीच अडचण होय. तेथे 'भंगुर' हा शब्द काही अंशी बरा. निदान तो चुऱ्याची आठवण करून देत नाही.

ही चर्चा निव्वळ शब्दांची नाही. बीडला लागून असलेल्या लातूर जिल्ह्यात, किल्लारीच्या परिसरात, 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. पुढे तेथे घेतलेल्या 617 मीटर खोल वेधनात असे दिसले की काळा पाषाण अवघा 338 मीटर जाड आहे. त्याखाली गाळाचा पातळ थर आणि मग ग्रॅनाइटच्या जातीचा अतिप्राचीन खडक. भूकंपाचे मूळ त्या प्राचीन खडकात, दहा किलोमीटरांहून कमी खोलीवर होते. आणि तेथे जमीन उघडली नव्हती. दोन्ही बाजूंनी रेटली जाऊन एक बाजू दुसरीवर चढली होती. ज्या घटनेत खडक एकमेकांच्या अधिक जवळ आले, तिला 'तडा' म्हणणे म्हणजे तिची दिशाच उलटी सांगणे होय.

पाण्याविषयीही असाच घोटाळा आहे. कोयनेचा जलाशय 1962 पासून भरू लागला आणि 11 डिसेंबर 1967 रोजी तेथे 6.3 प्रतीचा भूकंप झाला. याचे स्पष्टीकरण देताना 'पाण्याने वंगणाचे काम केले' असे लिहिण्याची प्रथा आहे. वस्तुतः छिद्रांतील पाण्याचा दाब भंगपृष्ठाला आवळणाऱ्या भाराचा काही अंश स्वतः उचलतो, आणि आवळ सैल झाल्यामुळे आधीच ताणलेला खडक सरकतो. हबर्ट आणि रुबी यांनी 1959 साली मांडलेला विचार तो हाच. कोयनेच्या परिसरात गोठणे येथे 2017 पर्यंत तीन किलोमीटर खोल छिद्र पाडण्यात आले, ते ही स्थिती जागच्या जागी मोजता यावी या हेतूने.

मग शब्द कोणता घ्यावा? 'भंग', 'विभंग', 'प्रस्तरभंग' आणि 'भ्रंश' हे शब्द आज बहुधा अदलून-बदलून वापरले जातात. पहिल्या तिहींत मोडणे आहे. 'भ्रंश' या धातूत मात्र जागेवरून ढळणे आहे, आणि खोलीवरील घटनेचा गाभा तोच होय. त्याला अधःपाताची छटा आहे, व किल्लारीला खडक वर चढला, हा आक्षेप खरा आहे. पण 'सरकणे', 'ढळणे' ही साधी क्रियापदे सोबत ठेवली तर तो पुष्कळसा निवारता येतो. 'तडा' टाकून द्यावा असे नाही. विहिरीत, रानात आणि भिंतीत त्याचे स्थान अढळ आहे.

भिंतीचा उल्लेख येथे सहेतुक आहे. किल्लारीत माणसे मेली ती धरणी दुभंगून तीत गडप झाल्याने नव्हे. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचे ओझे अंगावर कोसळल्याने. 'तडा' हा शब्द वाचकाची नजर पायाखालच्या काल्पनिक विवराकडे लावतो, आणि डोक्यावरचे माळवद नजरेआड राहते. मराठवाड्याच्या गावांतून अशी जुनी घरे अजून उभी आहेत. ज्या भिंतीला तडा गेला आहे तिच्याकडे वेळीच पाहिले जावे, एवढ्यासाठी तरी भूगर्भातील घटनेला तिचे स्वतःचे नाव मिळणे आवश्यक आहे.