स्थानलेखन आणि स्वरलेखन : बेस गिटारच्या टॅब्लेचरचा विचार

संगीतलेखनाच्या पद्धतींत टॅब्लेचरला सामान्यतः गौण स्थान दिले जाते. ज्यास स्वरलिपी वाचता येत नाही त्याने पत्करावयाचा हा आडमार्ग, असा समज रूढ आहे. इतिहास त्यास दुजोरा देत नाही. १५०७ मध्ये पेत्रुच्ची याने व्हेनिस येथे स्पिनाचिनोचे ल्यूट-वादनाचे संग्रह छापले ते टॅब्लेचरमध्येच. बेस गिटारचे आजचे टॅब्लेचर त्याच कुळातील होय. त्यातील चार आडव्या रेषा म्हणजे वाद्याच्या चार तारा. सर्वांत खालची रेषा सर्वांत जाड तारेची. रेषेवरील अंक पडद्याचा आणि शून्य मोकळ्या तारेचे.

या लेखनाचे स्वरूप भाषाशास्त्राच्या परिभाषेत अधिक स्पष्ट होते. स्वरलिपी ऐकू येणाऱ्या ध्वनीची नोंद करते, तर टॅब्लेचर त्या ध्वनीच्या उच्चारणाची. मेलव्हिल बेल याने १८६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘व्हिजिबल स्पीच’ या लिपीत जीभ, ओठ व कंठ यांची स्थितीच चिन्हांकित केली होती. टॅब्लेचरही कोणता स्वर हे न सांगता हात कोठे ठेवावा हे सांगते.

यात लाभ आहे. ‘डी’ हा एकच स्वर ‘डी’ची तार मोकळी छेडून, ‘ए’ तारेच्या ५ व्या किंवा ‘ई’ तारेच्या १० व्या पडद्यावर मिळतो. तिन्ही ठिकाणी नादाचा पोत निराळा असतो. पाश्चात्त्य स्वरलिपीत मात्र, बोटांच्या खुणा वेगळ्या न दिल्यास, तिन्हींचे चिन्ह एकच.

हानीही दुहेरी आहे. पहिली स्वरसंबंधांची. एखादी स्वरावली दोन पडदे वर नेली की टॅब्लेचरमधील सर्व अंक बदलतात. भातखंडे-पद्धतीत षड्ज बदलला तरी लेखन तेच राहते, कारण तेथे स्थान नव्हे तर संबंध लिहिलेला असतो. दुसरी हानी कालमानाची. जुन्या ल्यूट-टॅब्लेचरमध्ये रेषांवर कालचिन्हे असत. विद्यार्थ्यांत प्रचलित असलेल्या केवळ अंकांच्या टॅब्लेचरमध्ये ती बहुधा गाळलेली असतात. म्हणजे हा दोष पद्धतीचा नसून तिच्या संक्षेपाचा आहे. क्वीन या वाद्यवृंदाच्या ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ (१९८०) या गीतात जॉन डीकनच्या बेसचे सारे बळ एकाच स्वराच्या ठाशीव आघातांत आणि त्यांमागून येणाऱ्या विरामांत आहे. अंकांत आघात दिसतात. विराम दिसत नाहीत.

येथे मोडीचे स्मरण होते. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घभेद सामान्यतः दाखविला जात नाही. तरी मराठी जाणणारा वाचक अडत नाही, कारण मात्रांचे मान तो आपल्या भाषाज्ञानातून पुरवितो. भाषा न जाणणाऱ्यास मात्र अक्षरे लागूनही शब्दाचे मान सापडत नाही. अंकमात्र टॅब्लेचरचेही तसेच आहे. ज्याच्या कानात गीत मुरलेले आहे त्याला ते उत्तम साहाय्य करते. ज्याने ते ऐकलेलेच नाही त्याच्या हाती बोटांची हालचाल येते, गीत येत नाही.

म्हणून टॅब्लेचर त्याज्य ठरत नाही. अध्यापनाचा क्रम मात्र ठरतो. विद्यार्थ्याने स्वरावली प्रथम ऐकावी, ताल धरून गुणगुणावी आणि मगच अंकांकडे वळावे. हा क्रम उलटल्यास जे शिकणे राहून जाते, त्याचा दोष लिपीवर ठेवणे न्याय्य नव्हे.