काळोख राखण्याची कला

डिजिटल छायाचित्राचे सर्जनशील संपादन म्हणजे टिपलेल्या प्रकाशाची फेरमांडणी. कॅमेरा समोरच्या सगळ्याची नोंद सारख्याच तटस्थपणे करतो. त्यातले काय पुढे आणायचे, काय मागे सारायचे आणि काय काळोखातच राहू द्यायचे, हे संपादनात ठरते. ही कला आज पूर्वी कधी नव्हती इतकी सोपी झाली आहे आणि नेमक्या याच काळात तिचा मूळ हेतू हरवत चालला आहे. सह्याद्रीतल्या किल्ल्यांची अलीकडची छायाचित्रे ओळीने पाहावीत. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड, सगळ्यांवर एकच आभाळ: खाली नारिंगी, वर जांभळे, मधे पिंजलेल्या कापसाचे ढग. बुरुजाची सावली पश्चिमेकडे लांबलेली असते आणि सूर्यही पश्चिमेलाच मावळत असतो. वारीच्या छायाचित्रांत म्हाताऱ्या वारकऱ्याचा चेहरा दुष्काळी जमिनीसारखा भेगाळतो, कारण ‘क्लॅरिटी’चा स्लायडर टोकाला नेलेला असतो. कपाळावरचा बुक्का कातडीवर टेकत नाही, वेगळा उठून दिसतो. अशा चित्रांचे कौतुक होते, त्यांना बक्षिसे मिळतात आणि नवशिके त्यांच्याकडे पाहून शिकतात. हे चित्र पालटायचे तर ही कला आली कुठून, हे आधी पाहावे लागते.

छायाचित्रात फेरफार करण्याची सुरुवात संगणकाने केली नाही. ऑस्कर रेलँडर याने १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून ‘द टू वेज ऑफ लाइफ’ हे एकसंध दिसणारे चित्र छापले. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन याने पाच निगेटिव्हमधून ‘फेडिंग अवे’ घडवले. भारतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्रकार छायाचित्रांवर रंगांचे असे जाड थर देत, की मूळ फोटो बहुतेक झाकला जाई आणि चेहरा तेवढा त्याच्या आधाराने उरे. दादासाहेब फाळके यांनी ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) यांत कॅमेऱ्याच्याच करामतीने पुराणातले चमत्कार पडद्यावर उभे केले. शुद्ध, अस्पर्शित छायाचित्र आधी होते आणि संगणकाने ते बिघडवले, हा समज म्हणूनच टिकत नाही. बातमीच्या छायाचित्राचे नियम वेगळे. १९८२ च्या फेब्रुवारी अंकाच्या मुखपृष्ठावर ‘नॅशनल जिओग्राफिक’ने गिझाचे पिरॅमिड सरकवून जवळ आणले तेव्हा वाद झाला, तो योग्यच होता. पण तो प्रश्न पत्रकारितेचा आहे, कलेचा नव्हे.

कलेच्या दृष्टीने या इतिहासातला सर्वात मोलाचा धडा अमेरिकी छायाचित्रकार अँसल अ‍ॅडम्सच्या एका निगेटिव्हमध्ये आहे. १९४१ च्या नोव्हेंबरमध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळ मावळतीचा उजेड स्मशानातल्या पांढऱ्या क्रुसांवर पडला होता आणि वर चंद्र उगवला होता. अ‍ॅडम्सला घाईत लाइटमीटर सापडेना. चंद्राची तेजस्विता त्याला पाठ होती, तिच्यावरून त्याने हिशेब केला आणि एक निगेटिव्ह टिपले. दुसरे टिपण्याआधी क्रुसांवरचा उजेड गेला. पुढे अनेक वर्षे तो या एका निगेटिव्हच्या प्रती काढत राहिला. सुरुवातीच्या प्रतींत आकाश बरेच उजळ आहे आणि त्यात ढगांच्या रेघा दिसतात. नंतरच्या प्रतींत ते काळे होत गेले, इतके की चंद्र आणि क्रूस एकमेकांशी बोलू लागले. १९४८ मध्ये त्याने निगेटिव्हच्या खालच्या भागावर रासायनिक प्रक्रिया करून तिथला उठाव वाढवला. म्हणजे ‘मूनराइज’ हे जगप्रसिद्ध चित्र जितके कॅमेऱ्यात घडले, तितकेच अंधाऱ्या खोलीत घडले. निगेटिव्हला अ‍ॅडम्स संगीताची लिखित रचना मानी आणि प्रतीला तिचे वादन. ही उपमा भारतीय कानाला परकी नाही. बंदिश तीच असते, मैफल दर वेळी नवी असते आणि प्रत्येक मैफलीत गवयाला रागाशी इमान राखावे लागते.

अंधाऱ्या खोलीतले हे काम हातांचे होते. निगेटिव्हची प्रतिमा कागदावर मोठी करून पाडणाऱ्या एन्लार्जरच्या भिंगाखाली, कागदाच्या वर, तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती धरली की तिच्या सावलीतला भाग उजळ राही. हे डॉजिंग. पुठ्ठ्याला पाडलेल्या भोकातून एखाद्या भागावर जादा प्रकाश सोडला की तो भाग गडद होई. हे बर्निंग. हात सतत हलता ठेवावा लागे, थांबला तर कड उमटे. फोटोशॉपमधल्या या दोन साधनांची चिन्हे आजही काडीवरची चकती आणि अर्धवट मिटलेला हात हीच आहेत. जेरी उल्समन (१९३४–२०२२) याने तर एकाच खोलीत अनेक एन्लार्जर मांडले. एकाखालून दुसऱ्याखाली कागद नेत त्याने तरंगती झाडे आणि घरात उतरलेली आभाळे छापली. त्यांत जोड सापडत नाही, कारण प्रत्येक जोडाची जागा आधी नजरेने पक्की केलेली असे.

संगणकाने ही साधने टेबलावर आणली. थॉमस आणि जॉन नोल या भावांचे फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले. १९९४ मधल्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर आले आणि खरी क्रांती झाली, कारण मूळ चित्राला धक्का न लावता प्रत्येक निर्णय वेगळ्या थरावर ठेवता येऊ लागला. मास्कमुळे तो निर्णय चित्राच्या नेमक्या भागापुरता राखता आला. थर एकमेकांत मिसळण्याच्या रीतीही जुन्या अनुभवातूनच समजतात. ‘मल्टिप्लाय’ म्हणजे दोन स्लाइड एकावर एक धरून उजेडाकडे पाहणे, चित्र गडद होते. ‘स्क्रीन’ म्हणजे दोन प्रोजेक्टर एकाच पडद्यावर लावणे, चित्र उजळते. गिम्प हे संपादनाचे सॉफ्टवेअर १९९६ पासून फुकट मिळते, डार्कटेबलही फुकट आहे. त्यामुळे पैशाअभावी ही कला कुणाला बंद आहे असे म्हणता येत नाही.

रॉ फाइलचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरने नोंदवलेल्या कच्च्या माहितीच्या फाइलचा, एक गुणधर्म प्रत्येक शिकणाऱ्याने समजून घ्यायला हवा. सेन्सर प्रकाश सरळ प्रमाणात मोजतो. १४ बिटांच्या फाइलमध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात. त्यांतल्या निम्म्या, म्हणजे ८,१९२, एकट्या सर्वात उजळ स्टॉपला मिळतात (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याचा टप्पा). पुढच्याला ४,०९६, त्यापुढच्याला २,०४८, असे करत सहाव्या स्टॉपपर्यंत २५६ उरतात. काळोखात तपशील मुळातच विरळ असतो. तो फार वर ओढला की रंगीत दाणे बाहेर येतात. काळोखाला काळोख राहू देणे ही आवडनिवड आहेच, पण फाइलच्या रचनेलाही तेच मानवते.

एक साधे चित्र घ्यावे. जुन्या वाड्यातले स्वयंपाकघर, उंचावरच्या झरोक्यातून येणारी उजेडाची तिरीप, चुलीपुढे बसलेली आजी, धूर. रॉ फाइल उघडल्यावर तीन चतुर्थांश चित्र अंधारात दिसते. शिकणारा पहिल्यांदा ‘शॅडोज’चा स्लायडर उजवीकडे ओढतो आणि अंधारातून एकेक वस्तू बाहेर येते: रॉकेलचा डबा, भिंतीवरचे कॅलेंडर, निळी प्लॅस्टिकची बादली. सगळे स्पष्ट दिसते आणि चित्र नाहीसे होते. आता नजर आजीवर ठरत नाही, बादलीवर जाते, कारण त्या करड्या-तपकिरी घरात ती एकटीच निळी आहे. योग्य रीत याच्या उलट आहे. स्लायडर होता तिथे न्यावा. ५० टक्के करड्या रंगाचा एक थर घेऊन तो ‘सॉफ्ट लाइट’मध्ये ठेवावा आणि पाच ते दहा टक्के जोराच्या मऊ ब्रशने हलके फटकारे मारावेत. बादलीचा रंग उतरवून तिला अंधारात सारावे. स्टीलच्या तांब्यावरची पांढरी तिरीप दाबावी, कारण ती चेहऱ्याशी स्पर्धा करते. गालाचे हाड, फुंकणीवरची बोटे आणि धुराची एक वळी एवढेच किंचित उजळावे. तासाभराच्या कामानंतर मूळ चित्र आणि नवे चित्र शेजारी ठेवले, तर काय बदलले हे चटकन सांगता येत नाही. पण दुसऱ्या चित्रात धूर डोळ्यांना झोंबतो.

बाकीच्या प्रवाहांवर फार थांबण्याचे कारण नाही. उजळ आणि गडद असे सगळेच भाग एकाच चित्रात स्पष्ट दाखवणाऱ्या एचडीआर तंत्राच्या लाटेने सावलीच पुसून टाकली आणि सावलीबरोबर वस्तूचे वजनही. छायाचित्राला तैलचित्र करणारे फिल्टर पिक्सेलमागे धावतात, चित्रकाराचा कुंचला गालाच्या उताराबरोबर वळतो. प्रीसेट म्हणजे दुसऱ्याच्या उजेडावर घेतलेले निर्णय स्वतःच्या उजेडावर लादणे.

जोडचित्रांचा प्रवाह मात्र मोठा आहे आणि त्याला आभाळ बदलणाऱ्यांच्या रांगेत बसवता येत नाही. जेफ वॉलने होकुसाईच्या चित्रावरून ‘अ सडन गस्ट ऑफ विंड’ (१९९३) केले. शंभराहून अधिक छायाचित्रे जोडायला त्याला वर्षाहून अधिक काळ लागला, कारण उडणारा प्रत्येक कागद आणि झाडाचे प्रत्येक पान एकाच वाऱ्याने हललेले दिसायला हवे होते. आंद्रेआस गुर्स्कीने ‘ऱ्हाइन २’ (१९९९) मधून पलीकडच्या इमारती काढून टाकल्या आणि नदीला निव्वळ आडव्या पट्ट्यांवर आणून ठेवले. विवान सुंदरम यांनी ‘री-टेक ऑफ अमृता’ (२००१–०२) या मालिकेत आजोबा उमराव सिंग शेरगिल यांनी काढलेली कौटुंबिक छायाचित्रे संगणकावर एकमेकांत गुंफली. वेगवेगळ्या वर्षांतली चित्रकार अमृता शेरगिल, तिचे वडील, आई आणि बहीण एकाच खोलीत, एकाच आरशासमोर येतात. जे प्रत्यक्षात कधी घडले नाही, ते त्या घराचे अंतरंग उघडून दाखवते. डिजिटल जोडचित्राचा भारतातला हा सर्वात समृद्ध नमुना आहे. डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावी गौरी गिल आणि वारली चित्रकार राजेश वांगड यांनी २०१३ पासून केलेले ‘फील्ड्स ऑफ साइट’ हे काम याच कुळातले आहे, जरी तिथे संगणकाऐवजी शाईची लेखणी आहे. गिल यांच्या कृष्णधवल छायाचित्रात दिसणाऱ्या जमिनीवर वांगड त्या जमिनीच्या कथा, माणसे, झाडे आणि विस्थापन बारीक रेषांनी रेखाटतात. कॅमेऱ्याला जे दिसले नाही, ते गावात राहणाऱ्याच्या हाताने भरून येते. छायाचित्रात बाहेरून काही घालायचे तर त्याचे कारण त्या जागेतून यावे लागते, हे या कामाइतके स्पष्ट क्वचितच कुणी दाखवले असेल.

किल्ल्यावर चिकटवलेल्या आभाळाला असे कारण नसते. त्यावर आक्षेप ते खोटे आहे असा नाही. अ‍ॅडम्सचे काळे आकाशही डोळ्यांना तसे दिसले नव्हते. आक्षेप असा की ते आभाळ कुणी ठरवलेलेच नाही. २०२० मध्ये फोटोशॉपमध्ये आकाश आपोआप बदलण्याची सोय आली, २०२३ मध्ये शब्द लिहून चित्राचा हवा तो भाग निर्माण करण्याची. त्याच वर्षी बोरिस एल्डागसेन याने सोनी जागतिक छायाचित्र स्पर्धेत कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेल्या चित्राला मिळालेला पुरस्कार नाकारला आणि ही दोन माध्यमे वेगळी मानावीत, अशी भूमिका घेतली. ती मान्य व्हायला हवी. यंत्र जे आभाळ देते ते असंख्य आभाळांची सरासरी असते आणि कला सरासरीपासून दूर जाण्यातूनच जन्मते. पावसाळ्यात तोरण्यावर खरे आभाळ बहुधा राखाडी, बिनढंगाचे, अंगावर आल्यासारखे असते. त्या राखाडीत ओल्या कातळाचा काळा, शेवाळाचा हिरवा आणि धुक्याचा पांढरा यांचे जे नाजूक नाते असते, ते नारिंगी आभाळाखाली एका क्षणात मरते. ते नाते जपायला चार तास लागतात, आभाळ बदलायला चार सेकंद. स्पर्धांचे परीक्षक चार सेकंदांना बक्षीस देतात, तेव्हा पुढच्या पिढीला चार तास फुकट गेल्याचे ते शिकवत असतात.

शिकवण्याची रीतही याला जबाबदार आहे. बहुतेक वर्ग मेनू शिकवतात: हे बटण कुठे, तो स्लायडर किती. सॉफ्टवेअर दर वर्षी बदलते, नजर बदलत नाही. म्हणून शिक्षणाची सुरुवात संगणक बंद ठेवून झाली पाहिजे. चलच्छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी ‘अपराजितो’ या चित्रपटासाठी (१९५६) बनारसच्या घराच्या अंगणातला सावलीविरहित उजेड स्टुडिओत ताणलेल्या कापडावरून परावर्तित करून आणला, तो पाहावा. सावळाराम हळदणकर यांचे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले, हातात दिवा धरलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र पाहावे: ज्योतीपुढे धरलेल्या बोटांतून लाल झिरपणारा उजेड, चेहऱ्यावर त्याचीच आभा आणि भोवती नुसती सावली. पारदर्शक जलरंगात उजेड लावता येत नाही, त्यासाठी कागद राखावा लागतो. संपादकालाही असेच काहीतरी राखायचे असते, आणि बहुतेक वेळा तो काळोख असतो.

त्यानंतर एक छायाचित्र निवडून त्यावर महिनाभर काम करावे. पहिल्या आठवड्यात ते कृष्णधवल करून फक्त उजेड-अंधाराचा तोल पाहावा. दुसऱ्यात चित्र उलटे करून नजर कुठे अडते ते शोधावे आणि ते ठिकाण गडद करावे. तिसऱ्यात रंग परत आणून, जो रंग काही सांगत नाही तो उतरवावा. चौथ्यात कागदावर प्रत काढावी, कारण पडद्याला स्वतःचा उजेड असतो आणि तो कच्च्या कामालाही चमक देतो. कागद तशी सवलत देत नाही. प्रत भिंतीवर लावून तिच्यातल्या प्रत्येक गडद जागेचे कारण सांगता आले, तर काम पुरे झाले. एखाद्या जागेचे सांगता आले नाही, तर फाइल पुन्हा उघडून तेवढीच जागा पुन्हा पाहावी.