विषय समुद्र, ओळी तीन

दिवाळी अंकांच्या कवितेच्या पानांवर आज हायकू भरपूर दिसतो, पण त्याला जागा मिळते ती उरलीसुरली. अंकाचा विषय जाहीर होतो, कवी दहा-बारा हायकूंचा गठ्ठा पाठवतो, संपादक त्यातले तीन उचलून एखाद्या कथेखाली बसवतो. विषय ‘समुद्र’ असला की आमच्या मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूकडूनही लाटा, क्षितिज आणि वाळूवरची पावलंच जातात. हा समुद्र जुहूच्या चौपाटीवरूनही लिहिता येतो. मला खटकतं ते हेच.

शिरीष पै (१९२९–२०१७) यांनी हा प्रकार मराठीत रुजवला, तेव्हा जपानी हायकूतल्या सतरा अक्षरांच्या हिशेबात त्या अडकल्या नाहीत. तीन ओळी, जमलं तर यमक, आणि डोळ्यांसमोर घडलेला एक क्षण एवढंच त्यांनी धरलं. पुढे अनेकांनी ओळी आणि यमक उचललं आणि क्षण सोडला. मग चारोळीतली एक ओळ कापली की हायकू होऊ लागला. उपमा, उसासा, शेवटी एक सुविचार. हे हायकू नव्हेत, हे मला ठामपणे म्हणायचं आहे.

जपानी परंपरेत ऋतूचा शब्द हवाच, आणि कुठला शब्द कुठल्या ऋतूचा याचे कोश आहेत. तिथेही विषय देऊन कविता मागवतात. हायकू-बैठकीच्या आधी जाहीर होणाऱ्या विषयाला ‘केन्दाइ’ म्हणतात. पण तो बहुधा ऋतूतली एखादी नेमकी वस्तू असतो, अख्खा समुद्र नव्हे. ‘होतोतोगिसु’ हे मासिक १८९७ साली मात्सुयामात निघालं. पुढे त्याचे संपादक ताकाहामा क्योशी यांनी त्यात वाचकांचे हायकू निवडून छापले आणि त्या निवडीतून कवी घडले. तिथे निवड हेच संपादकाचं मुख्य काम होतं.

ऋतूच्या शब्दांना आपल्याकडे काय तोटा? कोकणातला माणूस पाऊस नक्षत्रांनी मोजतो. मिरग लागला की पहिल्या पाण्याबरोबर चढणीचे मासे व्हाळातून वर शेतात येतात आणि रात्री बॅटऱ्या घेऊन माणसं बाहेर पडतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. होड्या वर ओढून झापांनी शाकारतात. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की समुद्र पुन्हा आपला. मग रापण, थंडीत दशावतार, देवीच्या कौलाने ठरणारी आंगणेवाडीची जत्रा, उन्हाळ्यात रातांबे. यातलं एकेक नाव घेतलं की महिना सांगावा लागत नाही. उदाहरणादाखल माझ्याच तीन ओळी:

मिरगाची सर
शाकारलेल्या होडीत
सुकं जाळं

यात दुःख, विरह, वाट पाहणं असले शब्द नाहीत. बंदीचे दोन महिने मात्र आहेत, आणि त्या घरातला रिकामा डबाही ज्याला दिसायचा त्याला दिसतो. ‘होडी वाट पाहते’ असं लिहिलं असतं तर सगळं वाया गेलं असतं.

मालवण-वेंगुर्ल्याचा आमचा हा जिल्हा कवितेला नवखा नाही. मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे, आरती प्रभू त्याच तालुक्यातले, विंदा करंदीकर देवगड तालुक्यातल्या धालवलीचे. १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढणाऱ्या का. र. मित्र यांचं मूळ आडनावही आजगावकर, म्हणजे इथल्याच आजगावचं. म्हणून इथून जाणाऱ्या हायकूंकडून माझी अपेक्षा जास्त आहे.

अडचण वेळेचीही आहे. दिवाळीचं साहित्य भर पावसाळ्यात मागवतात, म्हणून कवी घरात बसून आकाशकंदील आणि पणत्या आठवतो. त्यापेक्षा संपादकांनी जूनमध्येच ‘चढणीचे मासे’ किंवा ‘झापांखालची होडी’ असा विषय द्यावा, आठवडाभराची मुदत ठेवावी, एका कवीकडून तीनच हायकू घ्यावेत आणि निवडलेल्या प्रत्येक हायकूला स्वतःचं पान द्यावं. न घेतलेले परत पाठवताना कुठली ओळ जास्तीची वाटली तेवढं लिहून कळवावं.