पडद्यावरची पेशी कशी वाचावी?

मराठीच्या तासाला कविता शिकवताना ‘इथे बोलतो आहे कोण?’ हा प्रश्न आपण विद्यार्थ्यांना विचारतो. भूगोलाच्या तासाला नकाशा उघडला की आधी त्याचे प्रमाण पाहायला सांगतो. जीवशास्त्राच्या तासाला मात्र पडद्यावर पेशी उमटली की प्रश्न थांबतात. जे दिसते ते तसेच असते, असे धरून वर्ग पुढे सरकतो.

कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवताना मी ऑनलाइन मिळणारी साधने नेहमी वापरते. ती वापरावीत की नाही, हा वाद आता जवळजवळ मिटला आहे. २०१७मध्ये केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू झाले, पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले आणि करोनाच्या काळात तर दुसरी वाटच उरली नाही. ही साधने वाचायची कशी, हा प्रश्न मात्र अजून धड विचारलाही गेलेला नाही. त्यांना निवेदक असतो, रचना असते, गाळलेल्या जागा असतात. म्हणजे समीक्षेला लागणारे सगळे त्यांच्यात असते. फक्त समीक्षा होत नाही. या लेखात मी तीन वेगवेगळ्या जातींची साधने घेतली आहेत: एक चित्रफीत, एक सिम्युलेशन आणि एक नोंदींचे संकेतस्थळ.

ओझे वाहणारा हमाल

हार्वर्ड विद्यापीठाने एक्सव्हिवो या अ‍ॅनिमेशन संस्थेकडून करून घेतलेली ‘द इनर लाइफ ऑफ द सेल’ ही चित्रफीत २००६ची. रक्तवाहिनीच्या भिंतीवरून एक पांढरी पेशी घरंगळत येते, कॅमेरा तिच्या आत शिरतो आणि प्रथिनांचे एक अख्खे नगर उलगडते. त्यातले सर्वांत गाजलेले दृश्य कायनेसिन या प्रथिनाचे. दोन पायांसारख्या भागांवर ते एका सूक्ष्मनलिकेवरून संथ, ठाम पावले टाकत चालते आणि स्वतःहून कितीतरी मोठा गोळा ओढून नेते. जगभरच्या वर्गांत हे दृश्य दाखवले जाते, मीही दाखवते. मुले श्वास रोखून पाहतात. कोणी म्हणते, ‘बिचारा, केवढं ओझं!’ एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘मॅडम, त्याला कुठं जायचंय हे कसं कळतं?’

या चित्रफितीवरची ही सर्वांत नेमकी टीका आहे, असे मी मानते. कायनेसिनला काहीही कळत नाही. सूक्ष्मनलिकेला दोन वेगळी टोके असतात आणि बहुतेक कायनेसिनांची जडणघडणच अशी असते, की त्यांची हालचाल एका ठराविक टोकाकडे होते. एक पाऊल साधारण ८ नॅनोमीटरचे. प्रत्येक पावलाला एटीपीचा एक रेणू खर्ची पडतो. अशी सेकंदाला शंभराच्या घरात पावले पडू शकतात. भोवतालचे पाण्याचे रेणू सगळ्या बाजूंनी सतत धडका देत असतात. सुटलेला पाय त्या धडकांनी वेडावाकडा झुलतो आणि पुढच्या जागी पोहोचला की चिकटतो. एटीपीच्या रासायनिक क्रियेमुळे मागे जाण्यापेक्षा पुढे जाणे सोपे होते, एवढेच. म्हणजे ज्या धडका चित्रफितीत गाळल्या आहेत, त्याच धडका पाऊल पडण्याच्या कामी येतात.

गाळलेले आणखीही आहे. पेशीच्या आतली साधारण पाचवा ते चौथा हिस्सा जागा प्रथिनांसारख्या मोठ्या रेणूंनी व्यापलेली असते. तिथली गर्दी लोकलच्या डब्यासारखी. चित्रफितीत मात्र पहाटेच्या मोकळ्या मैदानासारखे दिसते. रंगही चित्रकाराने दिलेले. साध्या सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळे दाखवता येत नाहीत. तिथे ८ नॅनोमीटरचे पाऊल डोळ्यांनी पाहिलेला माणूस असणेच शक्य नाही.

हे करणाऱ्यांना ठाऊक नव्हते, असे नाही. गर्दी दाखवली असती तर काहीच दिसले नसते. खऱ्या वेगाने दाखवले असते तर नजर ठरली नसती. त्याच हार्वर्डच्या गटाने काही वर्षांनी प्रथिनांची दाटी दाखवणारी नवी चित्रफीत केली. तिच्यातले कायनेसिन धडपडते, हेलकावे खाते, रेणूंच्या कोंडीतून कसेबसे पुढे सरकते. सत्याच्या ती जास्त जवळ आहे. पण वर्गात अजूनही पहिलीच चालते, कारण ती सुंदर आहे आणि तिच्यात गोष्ट आहे. गोष्टीला नायक लागतो, नायकाला हेतू लागतो.

चित्र हे मत असते, हे जीवशास्त्राला नवे नाही. एर्न्स्ट हेकेलने १८७४मध्ये निरनिराळ्या प्राण्यांच्या भ्रूणांची चित्रे शेजारी शेजारी छापली आणि साम्य ठसवण्यासाठी फरक पुसट केले. आक्षेप त्याच्या हयातीतच घेतले गेले, तरी शंभराहून अधिक वर्षे ती चित्रे एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत राहिली. १९९७मध्ये मायकेल रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी खऱ्या भ्रूणांची छायाचित्रे शेजारी ठेवली, तेव्हा कुठे पाठ्यपुस्तके सावध झाली. भ्रूणांमधले साम्य पूर्ण खोटे नव्हते. ते वाढवून सांगितले होते. पुस्तकातले चित्र निदान स्थिर असते, त्यावर बोट ठेवता येते. हलणारे चित्र बोट ठेवायच्या आत पुढे गेलेले असते.

म्हणून मी ही चित्रफीत आवाज बंद करून दाखवते आणि विद्यार्थ्यांना तिचे निवेदन मराठीत लिहायला लावते. मग आम्ही फक्त क्रियापदे तपासतो. ‘चालते’, ‘ओढते’, ‘शोधते’, ‘ठरवते’, ‘हवे असते’. यातले कोणते रसायनशास्त्राला परवडेल? ‘चालते’ चालवून घेता येईल. ‘ठरवते’ मुळीच नाही. ‘शोधते’वर नेहमी भांडण होते आणि ते भांडण हाच खरा पाठ असतो. दहावीच्या पुस्तकात प्रथिननिर्मितीच्या टप्प्यांना प्रतिलेखन, भाषांतरण, स्थानांतरण अशी नावे आहेत. तिथे लेखनिक नाही की भाषांतरकार नाही. ही रूपके आहेत आणि छापील शब्दात ती रूपके म्हणून ओळखू तरी येतात. पडद्यावर रूपकाला हातपाय फुटतात आणि ते वस्तुस्थिती म्हणून चालू लागते.

बटण दाबले की उत्परिवर्तन

दुसरे साधन कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या संचातले, नैसर्गिक निवडीचे. पडद्यावर ससे आहेत. त्यांची वीण वाढते. पार्श्वभूमी बर्फाळ किंवा वाळवंटी ठेवता येते, लांडगे सोडता येतात, चारा कमी किंवा चिवट करता येतो, सशांना तपकिरी केस किंवा लांब दात देता येतात. तपकिरी जमिनीवर लांडगे सोडले की पांढरे ससे पटापट कमी होतात. काहीच आडवे आले नाही तर ससे पृथ्वी व्यापून टाकतात.

चित्रफितीपेक्षा हे साधन मला मोठे वाटते, कारण इथे विद्यार्थ्याला ‘असे केले तर?’ हे विचारता येते. लांडगे नसताना तपकिरी ससे का वाढत नाहीत? केसांचा रंग बदलला आणि जमीनही बदलली तर? पाठांतराने याची उत्तरे सापडत नाहीत. उत्क्रांतीत एकेक ससा बदलत नाही, सशांच्या संख्येतले प्रमाण बदलते, ही अवघड गोष्ट आलेखाच्या रेघेवरून नजरेसमोर येते.

पण या साधनाचा एक बारकावा वर्गात हमखास निसटतो. तपकिरी रंगाचे उत्परिवर्तन येते ते विद्यार्थ्याने बटण दाबल्यावर. विद्यार्थी ते कधी दाबतो? लांडगे सोडल्यावर, सशांची दया येऊन. गरज निर्माण झाली आणि बदल हजर झाला, हा क्रम त्याच्या बोटांनीच त्याला शिकवलेला असतो. जो गैरसमज काढायचा, तोच साधनाच्या रचनेतून आत शिरतो. त्यात आपली भाषा भर घालते. ‘प्राण्यांनी परिस्थितीशी जुळवून घेतले’ असे आपण सहज लिहितो, जणू ससा नव्या सासरी रुळणारी सून आहे. ‘निवड’ म्हटले की निवडणारा कोणीतरी आलाच.

याला उतारा १९४३च्या एका प्रयोगात आहे. साल्व्हादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्र्युक यांनी पुष्कळ नळ्यांत थोडेथोडे जीवाणू वेगवेगळे वाढवले आणि मग त्यांना मारणाऱ्या विषाणूंशी त्यांची गाठ घालून दिली. विषाणू भेटल्यामुळे प्रतिकार निर्माण होत असता, तर प्रत्येक नळीतून टिकणाऱ्यांची संख्या साधारण सारखी आली असती. प्रत्यक्षात कुठे एकही टिकला नाही, तर कुठे ढिगाने टिकले. याचा अर्थ बदल विषाणू येण्यापूर्वीच, कुठे लवकर तर कुठे उशिरा, योगायोगाने होऊन गेले होते. सशांच्या तासाला हा प्रयोग फळ्यावर मांडला की मुले पुन्हा संगणकाकडे जातात आणि लांडगे सोडण्याआधी बटण दाबून पाहतात. साधन तेच राहते, त्याचे वाचन बदलते.

कढीपत्त्यावरची नोंद

तिसरी जात नोंदींची. ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ हे संकेतस्थळ बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातले कृष्णमेघ कुंटे आणि त्यांचे सहकारी चालवतात. प्रत्येक जातीच्या पानावर देशभरातून आलेली छायाचित्रे, अंडी-अळी-कोषाच्या नोंदी आणि अळीच्या खाद्यवनस्पती असतात. इथे निवेदक नाही, संगीत नाही. पहिल्या भेटीत मुलांना हे संकेतस्थळ कंटाळवाणे वाटते.

महाविद्यालयाच्या आवारात कढीपत्ता किंवा लिंबाचे झाड असेल, तर कॉमन मॉरमॉन या फुलपाखराची अळी बहुतेक सापडतेच. लहानपणी ती पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणून आधी कोणी हात लावत नाही. पुढे तिचे फुलपाखरू होते आणि खरी गंमत तिथे सुरू होते. नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. माद्या मात्र एकाच रूपाच्या नसतात. काही नरासारख्या, तर काही लाल ठिपके मिरवत कॉमन रोझ किंवा क्रिम्झन रोझ या विषारी फुलपाखरांची नक्कल करणाऱ्या. विद्यार्थ्याने काढलेले छायाचित्र मॉरमॉनच्या मादीचे की खऱ्या रोझचे, हे ठरवायचे तर पोटाचा रंग पाहावा लागतो: रोझचे लाल, मॉरमॉनचे काळे. छायाचित्रात पोट आलेच नसेल, तर पुन्हा झाडाखाली जाऊन उभे राहावे लागते. नाव देणे हा दावा आहे आणि दाव्याला पुरावा लागतो, हे मुलांना मला सांगावे लागत नाही.

या नकलेमागचे जनुक कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. कीटकांत लिंगानुसार येणारी लक्षणे ठरवणारे ‘डबलसेक्स’ हे एकच जनुक मादीच्या पंखावरची अख्खी नक्कल नियंत्रित करते. आवारातले झाड, देशभरच्या नोंदी आणि डीएनए, ही तीन टोके इथे एका फुलपाखरात बांधली जातात. शिवाय एक प्रश्नही हाती येतो. सशांच्या पडद्यावर नकोसा रंग काही पिढ्यांत नाहीसा होतो. मग नक्कल न करणाऱ्या माद्या अजून का उडताहेत? नकलाकार फार वाढले तर पक्षी फसायचे थांबतात, हे उत्तराचे एक टोक. बाकीचे मुलांनी शोधायचे.

इथेही धोका आहेच. आयनॅचरलिस्टसारख्या व्यासपीठावर छायाचित्र टाकले की संगणक लगेच नाव सुचवतो. ते नाव झटकन स्वीकारले, तर नोंद ही केवळ बटण दाबण्याची आणखी एक जागा होते. माझ्या वर्गात नियम एकच: संगणकाने सांगितलेले नाव का मान्य, ते दोन लक्षणे लिहून सांगायचे.

शिक्षकाचे काम

हे सगळे लिहिताना एक आक्षेप मला समोर दिसतो. सत्तर मुलांचा वर्ग, दोन चालू सूक्ष्मदर्शक, अभ्यासक्रम डोक्यावर. अशा ठिकाणी चित्रफीत दाखवता आली हेच खूप, समीक्षा कसली करता? आक्षेप खोटा नाही. पण नेमक्या अशाच ठिकाणी मुलाने पाहिलेली एकमेव पेशी पडद्यावरची असते. ज्याने कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड स्वतः केली आहे, हवेच्या बुडबुड्याला पेशी समजून चित्र काढले आहे आणि ते खोडले आहे, त्याला पडद्यावरची स्वच्छ पेशी फसवू शकत नाही. ज्याच्याकडे तो बुडबुडा नाही, त्याला वाचायला शिकवण्याची गरज जास्त. आणि त्याला पैसे लागत नाहीत, आवाज बंद करायला लागतात तेवढेच कष्ट लागतात.

साधन निवडताना मी एक कसोटी लावते. त्यातून पुराव्याकडे परत जाणारी वाट आहे का? १९७१मध्ये अवघ्या सात रचनांनी सुरू झालेल्या प्रोटीन डेटा बँकेत आज दोन लाखांहून अधिक रचना कोणालाही खुल्या आहेत. तिथला हिमोग्लोबिनचा रेणू मुलाला स्वतः फिरवून पाहता येतो, तो कोणी, कोणत्या पद्धतीने, किती अचूकतेने मोजला हे त्याच पानावर वाचता येते. चित्रफितीतल्या रेणूला विचारता येत नाहीत ते प्रश्न या रेणूला विचारता येतात.

उद्या संगणक वर्गात मागाल तशी पेशी, मागाल त्या भाषेत, हलती-बोलती करून देईल. ती आणखी सुंदर असेल आणि तिच्यावर शंका घेणे आणखी कठीण होईल. तेव्हा जीवशास्त्राच्या शिक्षकाकडे माहितीपेक्षा वाचनाचीच शिदोरी जास्त लागेल. ‘त्याला कुठं जायचंय हे कसं कळतं?’ हा प्रश्न मागच्या बाकावरून येत राहील, तोवर काळजीचे कारण नाही. तो येईनासा झाला, तर पडद्यावर कितीही लख्ख पेशी दाखवली तरी वर्गात जीवशास्त्र उरलेले नसेल.